पिवळ्या कार्डाची अट गेली तेव्हा

पहिलटकरणीचं नाव बहुतेक वेळा चुकीच्या कार्डावर असतं. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं, पाचवा महिना लागलेला, आणि रेशनकार्डावर नाव अजून माहेरीच. ते तिथून कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा, सासरच्या तहसीलमध्ये पुरवठा शाखेत द्यायचा, मग इथे चढायचं. हे सगळं होईतो बाळ रांगायला लागतं. त्यात अंगणवाडीच्या आहाराला दारिद्र्यरेषेचं पिवळं कार्ड लागायचं तेव्हा, सासरचं कार्ड केशरी निघालं तर सगळी पायपीट वाया. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळं, त्यावर लाखापर्यंत केशरी, आणि त्याच्यापुढे पांढरं. दोन मुलगे, चार एकर कोरडवाहू आणि कार्ड केशरी, अशी घरं गावोगाव आहेत. त्या घरातली गरोदर सून घरात सगळ्यात शेवटी जेवते. कार्डाच्या रंगावरून हे कळत नाही.

सरकारी पोषण आहाराला कोण पात्र, हा प्रश्न भारतात एकदाच मुळापासून बदलला. २००१ ते २००६ या पाच-सहा वर्षांत अंगणवाडीच्या आहारावरची दारिद्र्यरेषेची अट सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. योजना कशी 'विस्तारली' याचे तक्ते पुष्कळ निघाले आहेत. मला त्या अटीबद्दल लिहायचं आहे, कारण पुढे जे बरंवाईट झालं त्याची बरीचशी उत्तरं तिच्यातच सापडतात.

आधीची स्थिती

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला पहिल्यांदा आले दोन प्रकल्प: मुंबईतली धारावी आणि मेळघाटातली धारणी. एक शहरी झोपडपट्टी, दुसरा कोरकू आदिवासींचा डोंगराळ तालुका. पुढच्या पन्नास वर्षांत या योजनेच्या बहुतेक अडचणी याच दोन टोकांना दिसत राहिल्या.

सेवा सहा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. लोकांनी मात्र तिला 'खाऊची शाळा' म्हटलं, आणि ते फार चूक नव्हतं.

योजना होती, पण हक्क नव्हता. केंद्र सरकार पगार-मानधन आणि कार्यालयं पाही. आहाराचा खर्च २००४-०५ पर्यंत सगळा राज्याच्या खिशातून. ज्या राज्याची तिजोरी हलकी, तिथे आहार कमी दिवस मिळे किंवा कमी लोकांना. अंगणवाडीला मंजूर लाभार्थ्यांचा एक आकडा येई आणि त्याच हिशेबाने माल. गावात पोरं जास्त असली की निवड करणं ताईच्या गळ्यात. मग 'गरिबांतली गरीब' शोधा, अशी सूचना. कित्येक राज्यांनी त्यासाठी सरळ दारिद्र्यरेषेची यादी लावली.

ती यादी कशी बनली होती तेही पाहण्यासारखं आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जमीन किती, घर कसलं, अंगावरच्या कपड्यांचे जोड किती, दोन वेळचं जेवण मिळतं का, शौचाला कुठे जाता. यातलं काहीही 'घरातली बाई सात महिन्यांची आहे' हे सांगत नाही. कुटुंब गरीब नसलं तरी बाळ कुपोषित असू शकतं, आणि गेल्या सर्वेक्षणात गरीब नसलेलं कुटुंब यंदा कर्जात बुडालेलं असू शकतं. गर्भारपण नऊ महिन्यांचं, यादी मात्र पाच-दहा वर्षांतून एकदा बदलणारी.

याच महाराष्ट्राने दुसरा मार्ग आधी दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या आणि १९७७ मध्ये कायदा झालेल्या रोजगार हमीत कार्ड कुणी विचारलं नाही. वि. स. पागे यांची कल्पना साधी होती: जो उन्हात खडी फोडायला येतो, त्याला गरज आहे हे वेगळं सिद्ध करायला नको. आहाराच्या बाबतीत हे तसंच्या तसं लागू होत नाही, कारण गरोदर बाईने गरज सिद्ध करायला खडी फोडावी असं कुणी म्हणणार नाही. पण अट न लावता मदत देता येते, हे राज्याला माहीत नव्हतं असं नाही.

न्यायालयात काय झालं

२००१ च्या एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या राजस्थान शाखेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. रिट याचिका क्रमांक १९६, साल २००१. वकील कॉलिन गोन्साल्विस. राजस्थानात दुष्काळ होता आणि त्याच वेळी अन्न महामंडळाच्या गोदामांत पाच कोटी टनांहून जास्त धान्य पडून होतं. याचिका मुळात दुष्काळ आणि रेशनची होती. अंगणवाडी नंतर आली.

२८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने आठ योजनांचे लाभ कायदेशीर हक्क म्हणून बांधून दिले. त्यात अंगणवाडीचा आहार होता. सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं. प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला आणि किशोरीला ५०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. कुपोषित मुलाला त्याच्या दुप्पट. आणि प्रत्येक वस्तीत केंद्र. आदेशातला सगळ्यात वजनदार शब्द 'प्रत्येक' हा होता. तेव्हा तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही, कारण राज्यं म्हणत राहिली की आम्ही पात्र असलेल्या प्रत्येकाला देतोच आहोत.

ती पळवाट ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशाने बुजवली. दारिद्र्यरेषेचा निकष या योजनेसाठी पात्रता म्हणून वापरता येणार नाही, असं न्यायालयाने सरळ लिहिलं. त्याच आदेशात आणखी काही गोष्टी होत्या: अंगणवाड्यांची मंजूर संख्या सहा लाखांवरून चौदा लाखांकडे न्या, दलित-आदिवासी वस्त्यांना आधी द्या, आहार पुरवठ्यात ठेकेदार नकोत, आणि मुलामागे दिवसाला एक रुपयाचा जो दर होता तो दोन रुपये करा. एक रुपयात ३०० उष्मांक कसे बसवत असतील, हे त्या काळच्या खिचडीत बुडी मारल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षापासून, २००५-०६ पासून, केंद्राने आहाराच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलायला सुरुवात केली. माझ्या मते पात्रता खरी रुंद झाली ती इथे. आदेशाने दार उघडलं, पण आत माल ठेवला या निम्म्या वाट्याने. पैसा राज्यावरच राहिला असता तर राज्यांनी दुसरी कुठली तरी चाळणी शोधली असती.

मग १३ डिसेंबर २००६. न्या. अरिजित पसायत आणि न्या. एस. एच. कपाडिया यांच्या पीठाने डिसेंबर २००८ पर्यंत चौदा लाख अंगणवाड्या सुरू करण्याची मुदत दिली. 'सार्वत्रिक' म्हणजे काय हेही सांगितलं: सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, सगळ्या गरोदर आणि स्तनदा माता, आणि किशोरी, यांना योजनेच्या सगळ्या सेवा. आणि एक कलम असं घातलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आपल्या भाषेत, मागेल त्याला अंगणवाडी.

हे कलम मला सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतं. तोवर पुरावा द्यायचा तो आईने: मी गरीब आहे, हे माझं कार्ड, हा उत्पन्नाचा दाखला. आता वस्तीने फक्त पोरं मोजून दाखवायची. चाळीस डोकी भरली की बाकीचं उत्तर सरकारने द्यायचं.

मोजणी

पोरं मोजणं सोपं वाटतं. एका शहराच्या कडेच्या वस्तीत आम्ही चौघांनी ती एकदा केली होती. मागे दगडखाण, पुढे नाला, मधे तीन ओळी पत्र्याच्या खोल्या. पहिल्या दिवशी ३१ मुलं भरली. सकाळी दहाला गेलो होतो. मोठी माणसं खाणीवर आणि तान्ही त्यांच्याबरोबर झोळीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला गेलो, तर ५४. एका खोलीत 'लहान मूल आहे का?' या प्रश्नाला आजीने 'नाही' म्हटलं आणि तिच्या पदराआडून एक हात बाहेर आला. पोरगं कुणाचं, तर मुलीचं, मुलगी बाळंतपणाला आलेली, म्हणजे ते 'इथलं नाही'. आम्ही ते धरलं. अर्जाला वय कशावरून, असं विचारण्यात आलं, तेव्हा आम्ही लसीकरणाची कार्डं जोडली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे दात मोजले, असं गमतीने म्हणायचो. खरं तर पोळा, दिवाळी, मोठा पूर अशा खुणांवरून महिना काढत होतो.

केंद्र मिळालं, पण तीन महिन्यांत नाही, सव्वा वर्षाने. आणि खोली नव्हती म्हणून ते दोन वर्षं एका बाईच्या ओट्यावर भरलं. शहरात अंगणवाडी मंजूर होणं एक आणि तिला जागा मिळणं दुसरं. शहरी भागात ठरलेल्या भाड्यात खोली मिळत नाही, आणि मालकाला दोन महिने भाडं पोचलं नाही की काटा, खेळणी, डाळीचं पोतं रस्त्यावर.

फरक पडला का

आकड्यांत पडला, आणि चांगला पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००६ आणि २०१६ च्या माहितीची तुलना केली तर पूरक आहार घेणाऱ्यांचं प्रमाण देशात ९.६ टक्क्यांवरून ३७.९ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. दहा वर्षांत जवळपास चौपट. लोकसंख्येचे निकषही बदलले: पूर्वी हजार वस्तीला एक, आता ग्रामीण भागात ४०० ते ८०० ला एक, आणि १५० ते ४०० च्या पाड्याला मिनी अंगणवाडी. महाराष्ट्रात आज एक लाख दहा हजारांच्या आसपास केंद्रं मंजूर आहेत.

पण त्याच आकडेवारीत दुसरंही दिसतं. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या आणि शाळेत न गेलेल्या बाया २०१६ मध्येही मागेच होत्या. वाढीचा मोठा वाटा मधल्या थरांनी उचलला. यावर काही जण लगेच म्हणतात, बघा, सरसकट दिलं की खरा गरीब मागे पडतो. मला तसं वाटत नाही. गरीब मागे राहिला तो केशरी कार्डवाल्याने त्याचा घास खाल्ला म्हणून नाही. त्याच्या वस्तीत केंद्र उशिरा आलं, किंवा तो ऑक्टोबरमध्ये कोयता घेऊन कारखान्यावर गेला आणि एप्रिलमध्ये परतला, म्हणून. गावच्या वहीत त्याच्या बायकोचं नाव असतं. समोर सहा महिने 'स्थलांतरित' असा शेरा. फडावरच्या कोपीत तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

आणि मुलांची उंची? महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ३४.४ झालं, आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. पहिल्या दहा वर्षांतली घट मोठी होती आणि अंगणवाडी पसरली ती याच काळात. पण सगळं श्रेय तिचं म्हणणं उथळपणाचं होईल. पुढची पाच वर्षं आकडा जागचा हलला नाही, हे मात्र टोचणारं आहे. पात्रता देऊन झाली होती. पाकिटात काय होतं हा प्रश्न उरला होता.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा बायांना घरपोच आहार मिळतो. टीएचआर (टेक होम रेशन) हा शब्द आता गावात अगदी आजीलाही पाठ आहे. उपमा, शिरा, सत्तू यांची तयार पिठं. 'कोंबड्यांना घालतो' हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्यात अतिशयोक्ती किती हेच कळेनासं झालंय. ठेकेदार नकोत असं २००४ मध्ये सांगूनही पुरवठ्याचं प्रकरण महाराष्ट्रातून पुन्हा पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. राज्याने २०१६ मध्ये काढलेल्या निविदा न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केल्या, कारण त्यातल्या अटींमुळे गावातले बचत गट बाहेरच राहत होते. म्हणजे इथेही अटच. या वेळी खाणाऱ्यावर नव्हे, शिजवणाऱ्यावर.

पाकिटाला उत्तर म्हणून राज्याने डिसेंबर २०१५ पासून आदिवासी क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली: गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत बसून एक चौरस जेवण. चपाती किंवा भाकरी, डाळ-भात, भाजी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू. पाकीट घरी गेलं की सगळ्यांत वाटलं जातं. ताटातलं तिच्याच पोटात जातं. पात्रतेचा निकषही छान साधा: या क्षेत्रात राहतेस आणि गरोदर किंवा बाळंतीण आहेस, बस. अडचण वेळेची. ताट एक वाजता वाढलं जातं, आणि भात लावणीच्या दिवसांत एक वाजता बाई गुडघाभर चिखलात असते. मदतनीस डबा भरून बांधावर पाठवते, मग त्या डब्याची पुन्हा वाटणी होते. नियमाप्रमाणे हे चालत नाही, म्हणून वहीत ती अंगणवाडीतच जेवलेली असते.

एक अट गेली, दुसऱ्या आल्या

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने न्यायालयाचे आदेश कायद्यात आणले. कलम ४: प्रत्येक गरोदर आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या मातेला अंगणवाडीतून मोफत आहार, आणि किमान सहा हजार रुपये मातृत्व लाभ. कलम ५: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आहार. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या बाया फक्त पैशाच्या लाभातून वगळल्या, बाकी प्रत्येकजण आत.

आहाराच्या बाबतीत हे टिकलं. पैशाच्या बाबतीत काय झालं ते पाहिलं की अटीची ताकद कळते. राष्ट्रीय मातृत्व लाभ योजनेतले ५०० रुपये बाईचं वय आणि मुलांची संख्या न पाहता द्या, असं न्यायालयाने २० नोव्हेंबर २००७ ला म्हटलं होतं. २०१० मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना आली, देशात ५३ जिल्हे, आपल्याकडे अमरावती आणि भंडारा, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी. १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर झाली. जिल्हे ५३ वरून सगळे. पण लाभ पहिल्या जिवंत अपत्यापुरता, रक्कम पाच हजार, तीन हप्ते, तीन अर्ज, नवऱ्याचंही आधार. नकाशा पसरला आणि घरातली माणसं कमी झाली. कायद्यात 'पहिलं अपत्य' हा शब्द कुठेही नाही.

एप्रिल २०२२ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत सुधारणा झाली असं म्हणतात, आणि काही झालीही: हप्ते दोन, नवऱ्याच्या आधारची सक्ती गेली, टाकलेल्या बायकांची सोय झाली. शिवाय दुसरं अपत्य मुलगी असेल तर सहा हजार. हेतू कळतो, मुलीचं स्वागत व्हावं. पण मग दुसऱ्या खेपेला बाई पात्र आहे की नाही हे कळतं बाळंतपणानंतर. गरोदरपणात अंडी-दूध घ्यायला जे पैसे हवेत, ते मुलगी झाली तर गरोदरपण संपल्यावर मिळणार, आणि मुलगा झाला तर मिळणारच नाहीत. ओडिशाच्या 'ममता' योजनेने २०११ मध्येच पहिली दोन बाळंतपणं धरली होती.

किशोरींचंही तसंच. २००६ च्या आदेशात त्या सगळ्या होत्या. आजच्या पोषण २.० मध्ये, म्हणजे अंगणवाडी योजनेच्या नव्या रूपात, चौदा ते अठरा वयाच्या मुली आहेत, पण फक्त आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांतल्या आणि ईशान्येतल्या. नंदुरबारच्या मुलीला मिळेल, शेजारच्या धुळ्याच्या मुलीला नाही, आणि सीमेवरच्या पाड्यांत दोघी एकाच शाळेत.

आहाराचे दर २०१७ च्या ऑक्टोबरात ठरले तेच बराच काळ राहिले: मुलाला दिवसाला ८ रुपये, गरोदर-स्तनदेला साडेनऊ, तीव्र कुपोषिताला १२. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात हे दर वाढवण्याचं आश्वासन आलं.

आणि १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहरा ओळख सक्तीची झाली. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपमध्ये आईचं आधार, तिचा मोबाइल, त्यावर ओटीपी, मग फोटो. खोटे लाभार्थी असतात, मान्य. गळती होते, तीही मान्य. पण मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर पाहिलेलं सांगतो. रेंज फक्त चिंचेच्या झाडाखाली, म्हणून अंगणवाडी त्या दिवशी तिथेच भरली होती. एका बाळंतिणीचा आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, तोंड भरलेलं. समोर उभी राहिली ती गालफडं बसलेली, डोक्याला फडकं. फोन म्हणाला, जुळत नाही. ताई म्हणाली, "गं, फडकं काढ, उजेडाकडे बघ, डोळे मिचकाव." तिने मिचकावले. नाही जुळलं. तिसऱ्यांदा तिच्या काखेतल्या बाळानेच फोनकडे बघून हात मारला आणि स्क्रीन बंद पडली. ताईने पाकीट तिच्या हातात दिलं, वहीवर अंगठा घेतला, आणि म्हणाली, "जा तू घरी. सुपरवायझर मॅडमला मी सांगते काय ते."